पहिली मूठ माती

डेल्फी सटल्स कशाकशाला भीत असे, हे सॉरवुडच्या खोऱ्यातली पोरंसोरंसुद्धा एका दमात सांगू शकत. विजेला भ्यायची, बैलाला भ्यायची, अंधाऱ्या तळघरातले बटाटे आणायला जाताना मोठ्याने गाणी म्हणायची. शेजारचा कोंबडा अंगावर धावून आला म्हणून ती एकदा पिठाची चाळण हातात घेऊन अर्धा तास कुंपणावर बसून राहिली होती. तिचा नवरा हॉबर्ट दुकानाच्या ओट्यावर बसून सांगायचा, "आमच्या घरी आधी डेल्फी दचकते. मग कुत्री भुंकतात."

लोक हसायचे. डेल्फीही हसायची. पण ती भ्यायची ते खरंच भ्यायची. सगळ्यात जास्त भ्यायची ती टेकडीला.

टेकडी म्हणजे खोऱ्याच्या वरच्या टोकाची दफनभूमी. बैलगाड्या घेऊन खिंड ओलांडून जी पहिली घराणी इथे आली, सटल्स, मॅड्रन, ओन्बी, ती सगळी तिथे ओळीने निजली होती. त्यांच्या कबरींवर नाव नाही, साल नाही. शेतात सापडलेला एक मोठा दगड उशाशी उभा केलेला, एक छोटा पायथ्याशी. पाय सगळ्यांचे पूर्वेला. कोणाचा दगड कोणता, हे पिढ्यान्‌पिढ्या तोंडी चालत आलेलं. त्या वेळच्या शवपेट्या घरच्याच फळ्यांच्या असत. त्या कधीच्या कुजून गेल्या होत्या आणि वरची जमीन आतून पोकळ झाली होती.

डेल्फी खिंडीपलीकडची. आईबाप नसलेली, मामाच्या घरी वाढलेली. लग्न होऊन आली त्याच वर्षी मे महिन्यात सगळं खोरं टेकडी साफ करायला गेलं. दर वर्षी जायचं. गवत खरवडायचं, कबरींवर मातीचे उंचवटे नव्याने करायचे, कागदी फुलं वाहायची आणि मग झाडाखाली चादरी पसरून सगळ्यांनी मिळून जेवायचं. नवी नवरी डेल्फी हातात फुलं घेऊन निघाली आणि एका जुन्या कबरीत तिचा पाय गुडघ्यापर्यंत गेला. खाली काहीच लागलं नाही. नुसता गार हवेचा पोकळपणा. ती ओरडलीसुद्धा नाही, तिची वाचाच गेली. हॉबर्टने बगलेत धरून तिला उपसून काढलं. सासू चादरीवर कोंबडीचे तुकडे मांडत होती. ती मान वर न करता म्हणाली, "घाबरू नकोस गं. नवीन सून कोण आली ते बघतायत."

तेव्हापासून डेल्फी टेकडीवर गेली तर सगळ्यांच्या मध्ये, आणि मळलेल्या वाटेवरून. एरवी नाही.

त्यांना मूल झालं नाही. हॉबर्ट आणि डेल्फी, एक गाय, थोडी तंबाखू, मक्याचा तुकडा. तिला रात्री कसला आवाज आला की तो झोपेतच म्हणायचा, "वारा आहे." मग ती झोपायची. पन्नास वर्षं तेच दोन शब्द ऐकून ती झोपत आली होती.

खोऱ्यात वीज आली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात हॉबर्टच्या पोटात दुखायला लागलं. आधी तो म्हणाला कच्ची सफरचंदं बाधली. मग त्याला फावडं उचलवेना. शहरातल्या दवाखान्यात नेलं तर तिथल्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. एकाहत्तराव्या वर्षी. डेल्फी दोन दिवस त्याच्या खाटेशी बसली. कोणी ढकलगाडी घेऊन गेलं की ती उठून उभी राहायची. शेवटी हॉबर्टच म्हणाला, "तू घरी जा बाई. तू अशी बघतेस माझ्याकडे की मलाच वाटायला लागलंय मी मेलोय. आणि गाईची धार काय बर्ल काढणार आहे?"

बर्ल ओन्बी म्हणजे दुकानदार. खोऱ्यातला एकुलता एक टेलिफोन त्याच्या दुकानात होता आणि चर्चच्या घंटेची दोरीही त्याच्याच हातात. दवाखान्यातून निरोप येईल तो बर्लकडे येईल, असं ठरलं. डेल्फी परत आली.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती अंगणात कपडे वाळत घालत होती. हॉबर्टचा सदरा दोरीवर होता. एक बाही चिमट्यात, एक तिच्या हातात. आणि खालून घंटा वाजायला लागली.

खोऱ्यात माणूस गेलं की त्याच्या वयाइतके टोले द्यायचे, ही रीत त्या पहिल्या घराण्यांपासूनची. नाव सांगायला कोणी धावत यायची गरज नसे. लोक शेतातच हात थांबवून मोजत आणि ओळखत. डेल्फी बाही हातात धरून मोजत राहिली. विसाच्या आत थांबली तर ते मॅड्रनांचं आजारी पोर. थांबली नाही. चाळीस गेले. पन्नास गेले. आता ती ओठ न हलवता मोजत होती, जणू तिचा आवाज ऐकूनच घंटेला पुढचा आकडा सुचेल. साठ झाले तेव्हा तिने मनात म्हटलं, पुढे जा, ऐंशीपर्यंत जा, म्हातारी कॉर्डेलिया आहे, ती कधीपासून वाट बघतेय. सत्तर. एकाहत्तर. आणि मग काहीच नाही. वरच्या रानात एक पक्षी ओरडला तेवढंच.

ती कपड्यांच्या टोपलीशेजारी गवतातच बसली.

त्यानंतरचं सगळं खोऱ्यात जसं व्हायचं तसंच झालं. ज्याच्या घरचं माणूस गेलं त्याला काही विचारायचं नसतं आणि काही करू द्यायचं नसतं. वरच्या अंगाच्या माणसांनी तंबाखूच्या ओळी तशाच सोडल्या आणि कुदळ-फावडी घेऊन परस्पर टेकडीची वाट धरली. बायका डेल्फीच्या घरी आल्या. हॉबर्टची थोरली बहीण झेटी सगळ्यांच्या आधी पोचली. तिने घड्याळाचा लंबक थांबवला, आरशावर चादर टाकली, डेल्फीला खुर्चीत बसवलं आणि मग स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन एकटीच रडून आली. टेबलावर घेवड्याची भाजी आली, मक्याचा पाव आला, वाळवलेल्या सफरचंदांचा थरांचा केक आला. डेल्फी काही खाईना. ती दाराकडे बघत होती आणि तिचे दात हळूहळू वाजत होते. दुःख तिच्यापर्यंत अजून आलंच नव्हतं. आज संध्याकाळी वारा सुटेल आणि तो वारा आहे असं सांगायला कोणी नसेल, एवढंच तिला दिसत होतं.

जेवणवेळ टळून गेल्यावर बर्ल आला. दारातच उभा राहून त्याने टोपी काढली आणि रुसल्या आवाजात म्हणाला, "इथे आहात होय सगळे. एवढी घंटा बडवली मी. हात भरून आले. आणि एक माणूस विचारायला नाही आला, की बाबा, कोण गेलं."

"विचारायचं काय त्यात?" झेटी म्हणाली. "मोजता येतं आम्हाला."

"मोजलंत. पण क्लेट अमन्ससाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी येऊ नये? आपल्यातच वाढला ना तो?"

क्लेट अमन्स महिन्याभरापासून मुलीकडे राहायला गेला होता, खिंडीच्या खाली. हॉबर्ट आणि तो एकाच हिवाळ्यात जन्मलेले. हे सगळ्यांना माहीत होतं आणि सकाळपासून एकालाही आठवलं नव्हतं.

"क्लेट गेला?" झेटीने विचारलं.

"मग मी काय सांगतोय? नाश्ता करता करता गेला. मुलीचा फोन आला. तिकडेच पुरणार आहे ती त्याला." मग बर्लला आरशावरची चादर दिसली. त्याचा चेहरा बदलला. "तुम्ही कोणाचं समजलात?"

"हॉबर्टचा काही निरोप?" झेटीचा आवाज फुटला.

"काहीच नाही. फोन पुन्हा वाजलाच नाही. ऑपरेशन चालू असेल."

बायका एकदम बोलायला लागल्या. कोणी हसलं, कोणी डोळे पुसले. झेटीने बर्लला त्याच्या बापजाद्यांसकट जे काही ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. डेल्फीने दोन्ही हात तोंडावर घेतले. जिवंत आहे. घडीभर ती नुसती श्वास घेत राहिली. मग तिनेच विचारलं, आणि तिचा आवाज इतका बारीक होता की सगळ्यांना थांबावं लागलं.

"टेकडीवर खणतायत ना?"

तेवढ्यात अंगणात पावलं वाजली. कॉय मॅड्रन, खणणाऱ्यांचा म्होरक्या, गुडघ्यापर्यंत लाल मातीने माखलेला, टोपी छातीशी धरून दारात आला. "डेल्फी मावशी," तो खाली मान घालून म्हणाला, "झालं आमचं. खोल झालंय चांगलं. कडा अगदी सरळ काढल्यात."

त्याला सांगितल्यावर तो दाराच्या चौकटीला टेकून खालीच बसला.

सॉरवुडमधल्या लहान मुलालाही विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं, की कबर खणायची ती पुरायच्याच दिवशी. रिकाम्या कबरीने सूर्य मावळलेला बघता कामा नये. बघितला तर ज्याची ती जागा त्याला ती बोलावून घेते. जुन्या काळी दोनदा तसं झालं होतं. लोक नावं सांगत, दगड दाखवत.

"उठ मग," झेटी कॉयला म्हणाली. "बुजवून टाका लगेच."

"बुजवायची कशी?" बर्ल म्हणाला. "आत माणूस नसताना माती टाकायची म्हणजे जित्या माणसाला पुरणं झालं. माझा आजा म्हणायचा..."

"तुझा आजा दारू गाळायचा. गप्प बस."

"दारू गाळायचा, पण कबरींतलं त्याला कळायचं. क्लेटच इकडे यायचा असता तर ठेवला असता त्यात. आता काय ठेवणार?"

"माझी भावंडं वरतीच थांबलीत," कॉय म्हणाला. "पण मावशी, पहिली माती आम्ही नाही टाकणार. ती घरच्याची असते. तू टाकलीस की पुढचं आम्ही करू. तू नाही म्हणालीस तर खड्डा तसाच सोडून येऊ."

सगळे डेल्फीकडे बघायला लागले. जिला कोंबड्याच्या भीतीने कुंपणावर चढावं लागलं होतं, तिच्याकडे.

"झेटी, तू टाक," ती म्हणाली. "तू बहीण आहेस."

"बायको जिवंत असताना बहिणीने टाकायची?" झेटी म्हणाली. ती नेहमीसारखं खेकसली खरी, पण तिचे हात एप्रनमध्ये घट्ट गुंडाळलेले होते.

खिडकीतून ऊन स्वयंपाकघराच्या पार मागच्या भिंतीपर्यंत आलं होतं. माती टाकली तर मी त्याला माझ्या हाताने पुरला. नाही टाकली तर सूर्य त्याला घेऊन जाणार. तो तिकडे खाटेवर, पोट फाडून ठेवलेलं, आणि इथे त्याचं कसं व्हायचं ते माझ्या मुठीवर. डेल्फीला वाटलं, आपण आता खाली पडू आणि मग हे दुसऱ्या कोणाला तरी करावं लागेल. ती पडली नाही. ती उठली आणि खुंटीवरचं बॉनेट तिने डोक्याला बांधलं. गाठ बसेना म्हणून झेटीने बांधून दिली.

कॉय पुढे, मागे डेल्फी, तिच्या कोपराला धरून झेटी, आणि बरंच मागे बर्ल, अशी ती मंडळी चढ चढली. अर्ध्यावर डेल्फी थांबली.

"दमलीस?" झेटी म्हणाली.

"नाही. भीती वाटतेय."

"मलाही वाटतेय. चल."

फाटकातून आत गेल्यावर मळलेली वाट थोडीच होती. सटल्सांची ओळ पार वरती, पहिल्या कबरींना लागून. शेवटच्या टप्प्यात गवतावरूनच जावं लागायचं. जुने दगड वाकडेतिकडे उभे होते, त्यांच्या मध्ये जमीन जागोजाग खचून बशीसारखी झालेली. डेल्फी एकेक पाऊल टेकवून, त्यावर भार टाकून, मग दुसरं उचलत होती. तिला वाटत होतं, खाली ते सगळे जागे आहेत आणि कान देऊन ऐकतायत, हिच्या नवऱ्याचं काय ठरतंय ते.

मॅड्रन भावंडं फावड्यांवर रेलून उभी होती. त्यांनी टोप्या काढल्या. मातीचा लाल ढिगारा देवदाराच्या सावलीत दिसत होता.

डेल्फीने आधी खड्ड्याकडे बघितलंच नाही. तिने सासूचा दगड शोधला. तो सापडला की त्याच्या शेजारची जागा हॉबर्टची आणि त्याच्यापलीकडची, देवदाराला लागून, तिची. हॉबर्टने एका मे महिन्यात जेवण झाल्यावर पाठीवर झोपून दाखवली होती. "हा मी. ही तू. झाडाची सावली तुझ्याकडे, म्हणजे तक्रार नको." तिने तेव्हा त्याला ओढून उठवलं होतं.

सासूच्या दगडाशेजारचं गवत उकरलेलं होतं, पण खड्डा नव्हता. एक हात खोल माती निघालेली आणि तळाशी करडा खडक, त्यावर कुदळीचे पांढरे ओरखडे. खड्डा त्याच्यापलीकडे होता.

"कॉय," ती म्हणाली, "हे कुठे खणलंत तुम्ही?"

कॉयचे कान लाल झाले. "हॉबर्टकाकांच्या जागी खडक लागला, मावशी. पहार वाकली, विचार ह्यांना. मग म्हटलं एक घर सरकू. शेवटी तुम्ही दोघं शेजारी-शेजारीच, म्हणजे..." त्याचं बोलणं तिथेच अडलं, कारण आपण काय बोलतोय ते त्याला बोलता बोलता कळलं.

"अरे मेल्यांनो," झेटी हळूच म्हणाली.

"म्हणजे ही हॉबर्टची नाही," डेल्फी म्हणाली.

"नाही, मावशी."

"ही माझी."

बर्ल धापा टाकत वर येऊन पोचला होता.

डेल्फीच्या छातीवरचा सकाळपासूनचा दगड एकदम खाली गेला. ही त्याची नाही. ह्या खड्ड्याला हाक मारायचीच असली तर तो त्याला मारू शकत नाही. सूर्याने काहीही बघो, हॉबर्टची जमीन कोणी उघडलेलीच नाही, ती खडकाने बंद आहे. तिला इतकं हलकं वाटलं की ती जवळजवळ हसली. आणि त्याच वेळी खड्ड्यातून ओल्या मातीचा गारवा तिच्या पायांवर आला. लग्नाच्या वर्षी गुडघ्यापर्यंत लागला होता तोच. मग मात्र तिला कापरं भरलं. तो तिच्या मापाचा होता. कडा खरंच सरळ काढल्या होत्या.

ती ढिगाऱ्याशी वाकली.

झेटीने तिचं मनगट पकडलं. "डेल्फी. ही तुझी आहे. कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मग तशीच राहू दे. फळ्या टाकू वरती. पाद्र्याला बोलावू, तो काहीतरी सांगेल. स्वतःच्या हाताने स्वतःवर माती कोणी टाकतं का?"

"माझी आहे तर मीच टाकायला नको का?" डेल्फी म्हणाली. "सोड, झेटी. ऊन चाललंय."

झेटीने सोडलं. डेल्फीने मूठ भरली. निम्मी माती तिच्याच बुटांवर पडली. उरलेली तिने आत टाकली. खाली पेटी नव्हती, म्हणून आवाज झाला नाही म्हटलं तरी चालेल. तिने डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर उघडायचं धाडस झालं नसतं.

"आता तुम्ही," ती मॅड्रन भावंडांना म्हणाली.

त्यांनी अशी फावडी मारली की जणू आत आग लागली होती. बर्लनेही कोट काढून हातांनी माती लोटली, आणि आज्याचं नाव पुन्हा काढलं नाही. समोरच्या डोंगराच्या कड्याला सूर्य टेकायच्या आत जमीन सपाट झाली.

खाली उतरताना बर्लची बायको दुकानाच्या ओट्यावरून एप्रन हलवताना दिसली. फोन आला होता. ऑपरेशन झालं होतं, हॉबर्ट शुद्धीवर आला होता आणि त्याने ताक मागितलं होतं, ते त्याला दिलं नव्हतं. झेटी रस्त्यातच उकिडवी बसून रडली. डेल्फी रडली नाही. तिने झेटीला उठवलं आणि घरी जाऊन गाईची धार काढली.

मग भीती आली. इतक्या वर्षांत कधी आली नव्हती अशी. रोज संध्याकाळी ऊन उतरायला लागलं की डेल्फी दार लावून चुलीशी बसे. जराशी ठेच लागली, जरा खोकला आला, की तिला वाटे, आली हाक. झेटी रोज झोपायला यायची आणि म्हणायची, "तुझ्याआधी मीच मरणार आहे, तुझ्या ह्या उसाशांनी." तरीही यायची. सकाळी डोळे उघडले की डेल्फी आधी आपले हात बघायची, मग उठायची.

हॉबर्टला घरी आणलं तेव्हा तो निम्मा झाला होता, पण जीभ शाबूत होती. सगळी हकिगत त्याला बर्लच्या गाडीतच कळली होती. तो ओसरीवर पांघरूण घेऊन बसला, एवढुसं ताक प्यायला, आणि डेल्फीकडे बघून डोळे मिचकावले.

"काय म्हणतात, माझ्या वाट्याला खडक आलाय म्हणे."

"हो."

"आणि तुझी माती सगळी खणून, भुसभुशीत करून ठेवलीय. हे काही बरोबर नाही, डेल्फी. ऑपरेशन माझं आणि मऊ बिछाना तुला. मी कॉयला सांगतो, आपली अदलाबदल करून टाकू. तू खडकावर नीज, तुला तसंही..."

"नाही."

तो हसत होता. "अगं, पोरांची पहार तरी वाचेल."

"नाही म्हटलं ना."

ती उभी राहिली होती. पन्नास वर्षांत तिने त्याच्यावर आवाज चढवला नव्हता. आताही तो फार चढला नव्हता, पण ओसरीखालचं कुत्रं उठून बाजूला झालं.

"ती माझी आहे," डेल्फी म्हणाली. "मी माती टाकलीय तिच्यात. तू त्या जागेचं नाव काढायचं नाहीस. गमतीतसुद्धा नाही. तुझ्यासाठी सुरुंग लावून खडक फोडायला लावीन मी कॉयला, पण तू तुझ्याच जागी निजशील. ऐकलंस?"

एप्रनच्या खिशात तिच्या दोन्ही मुठी वळलेल्या होत्या. हॉबर्ट तिच्याकडे बघत राहिला. त्याला काय कळलं आणि काय नाही, देव जाणे. त्याने ताकाचं भांडं खाली ठेवलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "तुझी तर तुझी."

मग त्याने पांघरुणाचं एक टोक उचलून धरलं आणि ती येऊन त्याच्याशेजारी बसली. समोरच्या डोंगरावर ऊन उतरायला लागलं होतं. ती आत गेली नाही, पण तिने त्याची बाही घट्ट धरून ठेवली होती.